दोनशे वर्षांचं बंद फाटक

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंचावर माईक हातात घेण्याची माझी ही पहिलीच वेळ. दरवर्षी माझ्याकडे मांडवाचं काम असतं. बांबू, ताडपत्री, दोर, जनरेटर, हे माझं क्षेत्र. शिक्षण म्हणाल तर शासकीय तंत्रनिकेतनातला सिव्हिलचा डिप्लोमा, आणि त्यानंतर बावीस वर्षं रूळ, स्लीपर आणि खडी. इतिहासाचा मी अभ्यासक नाही. तरीही यंदा मी स्वतःहून वेळ मागून घेतला, कारण मला माझं एक विधान दुरुस्त करायचं आहे, आणि ते मी याच सभागृहात केलं होतं.

२०२२ सालच्या आपल्या सर्वसाधारण सभेत एक ठराव आला होता. गणेशोत्सवातल्या मुलांच्या स्पर्धा आणि मंचावरचे कार्यक्रम फक्त मराठी सभासदांच्या कुटुंबांसाठी ठेवावेत, असा. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. मी ठरावाच्या बाजूने उभा राहिलो आणि म्हणालो, "जपानकडे बघा. त्यांनी दोनशे वर्षं दार लावून घेतलं, म्हणून त्यांची भाषा आणि संस्कृती टिकली. आपण परमुलखात राहतो, आपल्यालाही थोडं दार लावावं लागेल." टाळ्या मिळाल्या. ठराव मंजूर झाला. जपानबद्दल मला काय माहीत होतं? शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी, बस्स.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, मी प्रतिनियुक्तीवर हायस्पीडच्या कामात असताना आमच्या तुकडीला प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं. शेवटचा आठवडा फुकुओका शहरात होता. रविवारी सुट्टी. बाकीचे खरेदीला गेले, मी नागासाकीची गाडी पकडली. खरं कारण सांगतो, मला तिथली नवी शिंकान्सेन बघायची होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला ताकेओ-ओन्सेन ते नागासाकी हा फक्त ६६ किलोमीटरचा तुकडा आहे, बाकीच्या शिंकान्सेन जाळ्याला तो अजून जोडलेला नाही. हाकाताहून आधी १०६७ मिलिमीटर गेजच्या साध्या मार्गावरची गाडी, मग ताकेओ-ओन्सेनला त्याच फलाटावर समोर उभी असलेली १४३५ मिलिमीटर गेजची शिंकान्सेन. इकडून उतरा, चार पावलं चाला, तिकडे चढा. पी-वेवाल्या माणसाला आणखी काय हवं?

गाडी बघून झाली आणि दिवस हातात उरला. स्टेशनवरच्या माहिती केंद्रात विचारलं, तिथल्या बाईंनी नकाशावर एक खूण करून दिली. ते होतं नागासाकीचं इतिहास आणि संस्कृती संग्रहालय. २००५ साली उघडलेलं. त्या शहराचं, त्या शहराच्या गोष्टी सांगणारं.

हे संग्रहालय जिथे आहे ती जागा महत्त्वाची. तोकुगावा शोगुनांच्या काळात तिथे नागासाकीच्या बुग्योची कचेरी होती. बुग्यो म्हणजे शोगुनने नेमलेला अधिकारी. आपल्याकडच्या कलेक्टर, न्यायाधीश आणि कस्टम्सचा साहेब या तिघांची कामं एकाच माणसाकडे असावीत, तसं. त्या कचेरीचा काही भाग जुन्या पद्धतीने पुन्हा बांधला आहे. आत चटया घातलेल्या खोल्या, बाहेर पांढऱ्या खड्यांचं अंगण. आरोपीला त्या खड्यांवर बसवत आणि बुग्यो वरच्या ओट्यावरून निकाल देत असे.

मी पोचलो तेव्हा तिथे एक छोटं नाटक चाललं होतं. गावातलीच हौशी मंडळी, अंगावर जुने पोशाख. समोर आईवडिलांबरोबर आलेली शाळकरी मुलं मांडी घालून बसली होती. मला जपानी येत नाही. पण शेजारी एक वयस्कर स्वयंसेवक उभे होते, ते हळू आवाजात इंग्रजीतून सांगत गेले. खटला चोरट्या व्यापाराचा होता. रात्री होडी घेऊन परदेशी जहाजाजवळ गेलेला माणूस पकडला गेला होता. मी विचारलं, "ही गोष्ट कोणी लिहिली?" ते म्हणाले, ही नाटकं इथल्या दप्तरातल्या खटल्यांवरून बसवतात. त्या दप्तराचं नाव हान्काचो. १६६६ ते १८६७ अशी दोनशे वर्षं या कचेरीत चाललेल्या खटल्यांची नोंद, एकूण १४५ वह्या. त्या वह्या याच संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

मित्रहो, तिथे मला पहिला धक्का बसला. रेल्वेवाल्यांना लगेच कळेल. आपल्याकडे लेव्हल क्रॉसिंगचं प्रत्येक फाटक सारखं नसतं. काही फाटकं रस्त्यासाठी सहसा उघडी असतात आणि गाडीच्या वेळी बंद होतात. काही मात्र 'सामान्यतः बंद' प्रकारची असतात. तिथे फाटक बंदच असतं. कोणाला जायचं असेल तर गेटमन स्टेशन मास्तरला फोन करतो, प्रायव्हेट नंबर घेतो, रजिस्टरात लिहितो आणि मग उघडतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा रस्ता बंद आहे. पण तिथे गेटमन आहे, फोन आहे, रजिस्टर आहे. भिंत बांधली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. दोनशे वर्षांत १४५ वह्या भरल्या, म्हणजे ते फाटक होतं. आणि त्या फाटकावर मोठी वर्दळ होती.

आता हे फाटक बसवलं का, ते थोडक्यात सांगतो, कारण त्या गोष्टीची सुरुवात आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. १५४३ साली पोर्तुगीज पहिल्यांदा जपानला पोचले. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर तिथे उतरले, ते गोव्याहून निघाले होते. त्यांच्याबरोबर अंजिरो नावाचा एक जपानी होता, त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. पुढे १५७१ पासून नागासाकी हे पोर्तुगीज जहाजांचं बंदर झालं. गोवा, मकाव, नागासाकी असा त्या जहाजांचा मार्ग होता.

नागासाकी स्टेशनपासून पाच मिनिटांवर निशिझाका नावाची टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी हिदेयोशीच्या हुकुमाने तिथे २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसावर ठार मारलं. १९६२ साली तिथे त्यांचं स्मारक आणि संग्रहालय झालं. स्मारकावर २६ जणांच्या कांस्य आकृती एका रांगेत आहेत. त्यांत एक आहेत गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेले. वडील पोर्तुगीज, आई तिथली. आधी व्यापारी म्हणून जपानला गेले, तिथली भाषा शिकले, मग फ्रान्सिस्कन झाले आणि दुभाष्याचं काम करू लागले. वसई म्हटलं की आपल्याला चिमाजी अप्पा आणि १७३९ आठवतं. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी वसईचा एक माणूस जपानी बोलत होता आणि त्यात त्याचा जीव गेला, हे मला नागासाकीला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

पण शोगुनांच्या बाजूनेही बघायला हवं. गोव्यात, मकावमध्ये, फिलिपिन्समधल्या मनिलात काय झालं, हे त्यांच्या कानांवर येत होतं. आधी धर्मोपदेशक, मागून व्यापारी, मग तोफा, अशी त्यांना धास्ती होती. ती सगळीच खोटी नव्हती. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १६३५ मध्ये हुकूम निघाला की कोणाही जपान्याने परदेशी जायचं नाही, आणि जो गेला आहे त्याने परत यायचं नाही. आला तर देहदंड. १६३७-३८ मध्ये शिमाबाराला शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, त्यात ख्रिस्ती लोक फार होते. ते मोडल्यावर १६३९ मध्ये पोर्तुगिजांना कायमचं घालवून दिलं. राहिले डच. त्यांना धर्मप्रसारात रस नव्हता, व्यापारात होता. १६४१ साली त्यांना देजिमावर आणून ठेवलं.

देजिमा हे समुद्रात भराव घालून तयार केलेलं पंख्याच्या आकाराचं बेट. १६३६ मध्ये ते पुरं झालं, मुळात पोर्तुगिजांना कोंडायला. पैसे घातले नागासाकीच्याच पंचवीस धनिक व्यापाऱ्यांनी, आणि भाडं वसूल केलं आधी पोर्तुगिजांकडून, मग डचांकडून. समुद्राकडची बाजू २३३ मीटर, शहराकडची १९०, रुंदी ७०. म्हणजे आपल्या एक नंबर फलाटाच्या निम्मीही लांबी नाही. क्षेत्रफळ दीड हेक्टर. त्यात पंधरा-वीस डच माणसं राहायची. बायकामुलं आणायला बंदी, पूल ओलांडून शहरात जायलाही परवानगी लागायची. वर्षाला एक-दोन जहाजं येत. ती बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, आपल्याला ओळखीच्या त्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यावर उन्हाळ्यात येत आणि शरदात परत जात.

आज भोवती भराव पडून देजिमा शहरात मिसळून गेलं आहे. पण नागासाकी महापालिकेने एकेक इमारत पुन्हा उभी केली आहे. जुना पूल १८८८ मध्ये नदी रुंद करताना गेला होता, त्या जागी २०१७ मध्ये नवा पादचारी पूल आला. माझं लक्ष अर्थातच तिकडे गेलं. देजिमाचा काठ राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, तिथे जड पाया खणता येईना. म्हणून सगळा भार शहराच्या बाजूने तोलून धरला आहे आणि पूल देजिमावर नुसता अलगद पोचतो. मी त्या पुलाखाली वाकून बघत बराच वेळ उभा होतो, लोक माझ्याकडे बघत होते.

या चिमुकल्या फाटकातून आत काय गेलं? आपल्याकडचं कापड गेलं. रंगीत छापाच्या भारतीय सुती कापडाला जपानी लोक 'सारासा' म्हणत. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला 'सान्तोमे' म्हणत, ते नाव मद्रासजवळच्या मैलापूरच्या पोर्तुगीज वसाहतीवरून पडलं. उलट बाजूने जपानचं तांबं बाहेर पडे आणि डच ते सुरत, बंगाल आणि कोरोमंडलच्या बाजारात विकत. शब्दही गेले, त्यांतले काही डचांच्याही आधीचे. पावाला जपानी माणूस 'पान' म्हणतो, आपण पाव म्हणतो, दोन्ही पोर्तुगिजांकडून आले. तंबाखू तिथे 'ताबाको'. जपानी मुलं पाठीवर जे चौकोनी दप्तर घेतात त्याला 'रान्दोसेरु' म्हणतात, तो शब्द डच. बाळगोपाळांनो, वडापावातला पाव तरी आपण जपान्यांबरोबर वाटून खातो, हे लक्षात ठेवा.

मालाबरोबर बातमीही जायची. दरवर्षी जहाज आलं की डच प्रमुखाला जगात काय घडलं याचा अहवाल द्यावा लागे, दुभाषे त्याचं भाषांतर करून तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, पाठवत. १८५२ च्या अहवालात लिहिलं होतं की अमेरिका जपानकडे आरमार पाठवणार आहे. १८५३ च्या जुलैत कमोडोर पेरी खरोखरच आला. म्हणजे शोगुनला आधी कळवलेलं होतं, त्यावर फारसं काही केलं गेलं नाही, ही वेगळी गोष्ट. फाईल वेळेवर आली तरी टेबलावर पडून राहते, हे आपल्याला नवीन नाही.

आणि देजिमा हे एकच फाटक नव्हतं. चिनी व्यापाऱ्यांची जहाजं डचांपेक्षा कितीतरी जास्त येत. १६८९ पासून त्यांना नागासाकीतच देजिमाच्या दुप्पट मोठी वस्ती बांधून दिली होती. कोरियाशी व्यवहार त्सुशिमा बेटातून चाले, र्‍युक्यू बेटांशी सात्सुमामधून, उत्तरेकडच्या आयनू लोकांशी मात्सुमाएमधून. एकूण चार फाटकं.

माझ्या बरोबरच्या स्वयंसेवकांना मी विचारलं, "मग सगळे याला बंद देश का म्हणतात?" त्यांनी सांगितलं ते ऐकून मला हसू आलं. एंगेलबर्ट केम्फर नावाचा एक जर्मन डॉक्टर १६९० ते १६९२ देजिमावर होता. जपानने दार लावून घेतलं ते बरं की वाईट, यावर त्याने एक लांब निबंध लिहिला. तो त्याच्या पुस्तकाला जोडून छापला गेला. पुस्तक डचमध्ये आलं, फिरत फिरत नागासाकीला पोचलं. १८०१ साली शिझुकी तादाओ या नागासाकीच्याच माजी दुभाष्याने त्या निबंधाचं जपानी भाषांतर केलं आणि त्यासाठी एक नवा शब्द बनवला, 'साकोकू', कुलूपबंद देश. हुकूम निघाले १६३० च्या दशकात, आणि त्याला नाव मिळालं दीडशेहून अधिक वर्षांनी. तेही परदेशी माणसाच्या पुस्तकातून, त्याच फाटकातून आत आलेल्या. कुलूप हा शब्दच कुलपातून आत आला म्हणायचा.

आता माझ्या विधानातला दुसरा भाग. दार लावल्यामुळे जपान टिकला का? २५० वर्षं देशात मोठी लढाई जवळजवळ झाली नाही, हे खरं. पण पुढे झपाट्याने प्रगती झाली ती फटीतून आत आलेल्या उजेडामुळे. १७२० मध्ये शोगुन योशिमुनेने ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या पुस्तकांवरची बंदी सैल केली. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकू आणि माएनो र्‍योताकू यांच्या गटाने शरीरशास्त्राचं डच पुस्तक जपानीत आणलं. शब्दकोश जवळजवळ नव्हता, एकेका वाक्यावर ते दिवस घालवत.

आणि आता आपल्या खात्याची गोष्ट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ३४ किलोमीटर, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन अॅडमिरल पुत्यातिन नागासाकीच्या बंदरात आला आणि त्याने जहाजावर वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल चालवून दाखवलं. बंदराच्या पहाऱ्याची जबाबदारी असलेल्या सागा संस्थानाच्या माणसांनी ते पाहिलं. दोन वर्षांत, १८५५ मध्ये, सागाच्या कारागिरांनी स्वतः चालणारं मॉडेल बनवलं. त्यांत तानाका हिसाशिगे होता, ज्याच्या पुढच्या कारखान्यातून तोशिबा कंपनी उगवली. ते मॉडेल सागाच्या चोकोकान संग्रहालयाच्या ताब्यात आहे. सागाने त्याआधीच डच पुस्तक वाचून तोफा ओतण्याची भट्टी उभी केली होती, म्हणून हे जमलं. माझी गाडी सागावरून गेली तेव्हा मी खिडकीतून नुसती गेजच बघत होतो. परतताना त्या स्टेशनवर गाडी थांबली, तेव्हा मी उभा राहिलो.

पण हे सगळं ऐकून 'फाटक होतं ना, मग काय बिघडलं' असं कोणी म्हणू नये. फाटकाखाली माणसं चिरडली गेली. नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला घराघरातल्या माणसांना येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत, ख्रिस्ती नसल्याचा पुरावा म्हणून. लपून राहिलेले ख्रिस्ती सात पिढ्या तसेच जगले आणि १८६५ मध्ये ओउराच्या चर्चमध्ये येऊन त्यांनी आपली ओळख दिली. देजिमाचा डॉक्टर सिबोल्ड याने १८२४ मध्ये शहराबाहेर शाळा काढली, जपानी डॉक्टर घडवले. १८२८ मध्ये त्याच्या सामानात जपानचे नकाशे सापडले. नकाशे देणारा शोगुनचा खगोलशास्त्रज्ञ ताकाहाशी कागेयासू तुरुंगात मेला. सिबोल्डला देशाबाहेर काढलं, मागे राहिली जपानी बायको आणि दोन वर्षांची मुलगी इने. ती इने पुढे स्वतः डॉक्टर झाली.

आणि सगळ्यांत वाईट वाटलं ते मुलांचं. १६३६ मध्ये पोर्तुगीज बापांची मुलंबाळं धरून २८७ जणांना मकावला पाठवून दिलं. १६३९ मध्ये डच, इंग्रज वगैरे बापांची मुलं आणि त्यांच्या आया बटाव्हियाला. त्यांत ओहारू नावाची नागासाकीची मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची, बाप इटालियन खलाशी, आई जपानी. तिला जन्मगाव पुन्हा दिसलं नाही. काही वर्षांनी तिकडून नातलगांना पत्रं पाठवायची मुभा मिळाली. त्या पत्रांना 'जागातारा-बुमी' म्हणतात, जागातारा म्हणजे जकार्ता. जपानीत बटाट्याला 'जागाइमो' म्हणतात, तोही त्याच जागातारावरून. बटाट्याला फाटकातून आत येता आलं, मुलीला नाही.

परत आल्यावर हे सगळं माझ्या डोक्यात घोळत होतं. आपल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाला मी म्हटलं, पुढचे चार रविवार मला द्या. तुम्हाला नागासाकीला नेता येणार नाही, पण तिथल्या संग्रहालयाने मला जसं शिकवलं तसं शिकवून बघतो. वर्ग भरवला माझ्या क्वार्टरच्या अंगणात. कारण सरळ आहे. सभागृहात भरवला असता तर ठरावाप्रमाणे काही मुलांना बोलावता आलं नसतं.

पहिल्या रविवारी तारीख सांगितली नाही, पुस्तक उघडलं नाही. टेप घेतला, चुना घेतला आणि समोरच्या मैदानात दहापट लहान देजिमा आखलं, २३ मीटर बाय ७ मीटर. पोरांनी आत उभं राहून पाहिलं. एकजण म्हणाला, "काका, यात वर्षभर राहायचं?" तो धडा तिथेच झाला. दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची, मूळ परदेशी असलेली. पाव, बटाटा, मिरची, साखरेचा डबा, शाळेचं दप्तर. मग चुन्याच्या रेषेवरच्या गेटमनने ठरवायचं, कोणती आत आणि कोणती बाहेर, आणि कारण रजिस्टरात लिहायचं. रजिस्टर मी खरंच दिलं, फाटकावरचं जुनं, मागची पानं कोरी असलेलं. पोरांनी भांडून भांडून कारणं लिहिली. तिसऱ्या रविवारी बुग्योचं न्यायालय. ओटा म्हणून आमची पायरी, पांढरे खडे म्हणून ट्रॅकची खडी.

त्या नाटकात दुभाषा कोण होणार असा प्रश्न आला. डचांचे दुभाषे हे नागासाकीतल्या ठराविक घराण्यांचं वंशपरंपरागत काम होतं, आणि सगळा कारभार त्यांच्या जिभेवर चाले. १८५३ मध्ये पेरीच्या जहाजाला पहिली हाक मारली तीही नागासाकीच्या एका दुभाष्याने, आपल्याला डच येतं असं त्याने इंग्रजीत ओरडून सांगितलं. मुलं म्हणाली, ज्याला जास्त भाषा येतात तो दुभाषा. हात वर केला माझ्याच सेक्शनमधल्या एका ट्रॅक मेंटेनरच्या मुलीने. घरी ओडिया, शाळेत हिंदी, आणि मराठी शिकली ती आपल्याच मंडळाच्या मांडवात. चार वर्षं ती आपल्याकडे अथर्वशीर्ष म्हणत होती, पाठ, चूक न करता. २०२२ च्या ठरावानंतर तिचं नाव यादीतून काढलं गेलं. ठरावाच्या बाजूने बोलणारा मी होतो.

शेवटच्या रविवारी मी ओहारूची गोष्ट सांगितली. मुलं गप्प होती. ही मुलगी म्हणाली, "काका, पण तिनं काय केलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, काही नाही केलं. मग ती बाकीच्यांबरोबर रजिस्टर घेऊन गेली आणि मी चुन्याच्या रेषा पाण्याने धुवायला लागलो.

मंडळी, आपलं गाव सोडून आपण सगळे इथे आलो. इथल्या लोकांनी आपल्याला पूल ओलांडायला परवाने मागितले नाहीत. मराठी टिकली पाहिजे, यात माझं एक पाऊलही मागे नाही. वर्ग चालवू, नाटकं करू, स्मरणिका मराठीतच काढू. पण मराठी टिकवण्यासाठी मराठी बोलणाऱ्या पोरीला बाहेर ठेवायचं, हा हिशोब मला आता जुळत नाही. जपानचा दाखला देऊन मी तो तुमच्यापुढे मांडला होता. तो दाखला चुकीचा होता, तो मी आज परत घेतो.

येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव बदलण्याचा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. नियम असावेत. फाटक असावं, त्याला मी रेल्वेवाला नाही कसा म्हणेन? आरती आपली, मराठी आपली, स्पर्धा मराठीतूनच. पण ज्याला मराठीत अथर्वशीर्षाचा अर्थ सांगता येतो, त्याच्यासाठी गेटमनने फाटक उघडावं. कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी सभेत जरूर बोलावं, मी ऐकेन. एवढीच विनंती आहे की माझ्यासारखा दोन ओळींच्या माहितीवर कोणी हात वर करू नये.

आणखी एक सुचवतो. आपल्या गावातही जिल्हा संग्रहालय आहे, रेल्वेचं जुनं सामान मांडलेली एक खोली आहे. आपण किती जणांनी पाहिली? इथे रूळ कोणी घातले, कोण कुठून आलं, कोणाची जमीन गेली, हे तिथे असेल. मोठा इतिहास पुस्तकात असतो, पण तो कुठल्या उंबऱ्यावरून आत आला हे त्या त्या गावच्या खोलीत कळतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाऊ. सगळ्यांच्या मुलांना. टेप आणि चुना मी आणतो.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आरतीची वेळ झाली आहे, आणि जनरेटरमध्ये डिझेल टाकायचं आहे.

गणपती बाप्पा मोरया!